दादानं उचललेला भंडारा

गेल्या महिन्यात गावच्या यात्रा कमिटीची तीन-चार पोरं बारामतीला माझ्या घरी आली. चंपाषष्ठीला नाटक बसवायचं आहे आणि ते मीच लिहून द्यायचं, असा त्यांचा आग्रह होता.

"नवं न्हाय, मास्तर," त्यांच्यातला एक म्हणाला. "तुमचंच जुनं. भुताचं. फकस्त शेवटाला खरं घडल्यालं जोडायचं. तात्याचं."

"म्हणजे काय जोडायचं?"

"म्हंजी आबाचं भूत खरंच आलं, तात्यानं भंडारा उचलला, आन् एवढा कंजूष माणूस एका रातीत दानशूर झाला, ते. आमी नावबी काढलंय. कंजूष तात्या."

दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "आरं, मास्तरचा भाव हाय त्यो."

"मग काय झालं? चांगलंच दाखवायचंय की."

मी चहा दिला, विचार करून सांगतो म्हणालो आणि त्यांना बसस्टँडपर्यंत सोडून आलो.

तात्या म्हणजे माझा थोरला भाऊ. गाव त्याला तात्या म्हणायचं, मी दादा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. या पोरांनी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याची गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. ती गोष्ट खोटी आहे. भूत आलं नव्हतं. जे आलं ते मी पाठवलं होतं, आणि ही गोष्ट मी दादाला त्याच्या मरेपर्यंत सांगितली नाही. कंजूष हा शब्द गावात त्याच्या पाठीमागे बोलला जायचा हे खरं, पण चार माणसांत, माइकवरून, तो पहिल्यांदा माझ्या लेखणीतून गेला. आता तो पाटीवर रंगवला जाण्याआधी घडलं तसं सांगायला हवं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कळसपासून थोडं आत. घर मूळचं मेंढरांचं. आबा, म्हणजे आमचे वडील, मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. दादा लहानपणापासून त्यांच्या मागं. मी धाकटा आणि शाळेत बरा, म्हणून घरी राहिलो. बहात्तरच्या दुष्काळात मी बारामतीला कॉलेजात होतो, हॉस्टेलवर दोन वेळा जेवत होतो. इकडे आबा आणि दादा बाभळीचा पाला झोडून मेंढरं जगवत होते. रोज सकाळी कळपातली काही मरून पडलेली असायची. ती उचलून लांब नेऊन टाकायचं काम दादाचं. शेवटी उरली तेवढी मेंढरं त्यानं आबांना न विचारता विकली. त्यातून माझी त्या वर्षाची फी भरली गेली.

त्या दिवसापासून आबा दादाशी बोलले नाहीत. पुढं आजारी पडले तेव्हा दादाच्या हातचं पाणी घ्यायचे, पण मान भिंतीकडे करून. माझ्याशी मात्र बोलायचे. "शीक," म्हणायचे. फी कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण मेंढरं विकल्याचा राग दादावर राहिला आणि शिक्षणाचं कौतुक माझ्या वाट्याला आलं. आबा तसेच गेले.

मेंढरं गेल्यावर दादा शेतीत पडला. वस्तीवर घर, खिलारी बैलांची जोडी, एक गाय. पण त्याचा खरा जीव कडब्यात. ज्वारी काढली की पेंढ्या बांधून तो घरामागं गंजी रचायचा. एक संपायच्या आत दुसरी, तिच्याशेजारी तिसरी. खालचा कडबा काळा पडायचा, उंदीर घर करायचे, तरी तो हलवायचा नाही.

"तात्या, कडब्याचं लोणचं घालनार हाय व्हय?" येणारेजाणारे विचारायचे.

"घालनार. पन तुला फोड मिळायची न्हाय."

बाकीच्या गोष्टींतही त्याचा हात आखडलेलाच. वाण्याकडच्या पुडीचा दोरा सोडवून तो त्याची गुंडाळी करून ठेवायचा आणि त्या दोऱ्यांचं वासराला दावं वळायचा. बिडी अर्धी ओढून कानावर ठेवायचा. वहिनींनी नवं पातळ मागितलं तर म्हणायचा, "जुनं फाटलंय कुठं? इरलंय नुसतं." हे सगळं मी इथं मुद्दाम लिहितोय. तो संत होता असं मला म्हणायचं नाही. त्याच्यासोबत राहणं सोपं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक साल असं आलं की पावसाळा कोरडाच गेला आणि कॅनॉलचं पाणी शेवटच्या टोकाला, आमच्याकडं, पोचलंच नाही. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. दिवाळीनंतरच लोक वैरण शोधत हिंडू लागले. मी तेव्हा गावच्याच हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचो, गावठाणात राहायचो आणि रविवारी वस्तीवर जायचो. अशाच एका रविवारी शेजारच्या वस्तीवरची एक बाई आली. तिचा नवरा नुकताच वारला होता.

"तात्या, चार पेंढ्या द्या. म्हशीचं दिस भरल्यात," ती म्हणाली.

दादा गव्हाणीतला कचरा वेचत होता. "चार दिल्या की उद्या चाळीस जन येत्यात."

"मी कुनाला सांगत न्हाय."

"तू न्हाय सांगनार. म्हस सांगती की. तिच्या तोंडाला कडबा लागला की गावाला वास जातो."

तिला ती थट्टा वाटली, ती हसली आणि थांबली. दादा परत गव्हाणीकडं वळला तेव्हा तिला कळलं. पदर सावरून ती निघून गेली.

"दादा, चार पेंढ्यांनी काय झालं असतं?" मी म्हणालो.

"मास्तर, तुला कधी मेल्यालं मेंढरू उचलाय लागलं न्हाय."

तो मला लहानपणापासून मास्तर म्हणायचा, मास्तर होण्याच्या आधीपासून. त्या दिवशी मात्र तो शब्द मला झोंबला, कारण तो बोलला ते खरं होतं. घरी येताना रस्ताभर मी त्याच्याविरुद्ध मुद्दे काढत होतो.

त्या वर्षी नववीला इंग्रजीत एक गोष्ट शिकवायला होती. विलायतेतला एक म्हातारा, महाकंजूष. नाताळच्या रात्री त्याच्या मेलेल्या भागीदाराचं भूत साखळदंड ओढत येतं, मग आणखी तीन भुतं येतात, त्याला त्याचं बालपण, त्याच्यामुळं कष्टणारी माणसं आणि शेवटी त्याची स्वतःची बेवारस कबर दाखवतात. सकाळी तो जागा होतो तो मोकळ्या हाताचा माणूस होऊन. वर्गात ही गोष्ट शिकवताना मला दर ओळीला दादा दिसत होता. गावच्या यात्रेला चंपाषष्ठीला दरवर्षी गावकऱ्यांचं नाटक व्हायचं. मी ठरवलं, या वर्षी हे करायचं. दादा सुधारावा म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर मला त्याला चार लोकांत उत्तर द्यायचं होतं.

नाताळाची चंपाषष्ठी केली, विलायतेचं आपलं गाव. तीन भुतांना माणसं मिळेनात म्हणून एकच ठेवलं: म्हाताऱ्या बापाचं. कंजुषाचं काम गावच्या गिरणीवाल्याकडं दिलं. तो नकला करण्यात पटाईत. तालमीला पहिल्याच दिवशी तो संहिता वाचून हसला.

"मास्तर, ही तात्याच हायत की."

"कुणीही असेल. गावात कंजूष काय एकच आहे का?"

"कानावर बिडी ठिवनारा एकच हाय." आणि त्यानं दादाची चाल चालून दाखवली, एक खांदा खाली टाकून. तालमीतली माणसं लोळून हसली. मीही हसलो. पुढच्या तालमीला मी आणखी दोन वाक्यं घातली. म्हस सांगती की, हे त्यातलं एक.

भुताचं काम शिंप्याकडं होतं. शिडशिडीत, उंच, थोडा वाकलेला, आबांसारखाच बांधा. त्यानं आणलेली घोंगडी मात्र बाजारातली, गुळगुळीत, नवी. उजेडात ती चादरीसारखी दिसायची. नाटकाच्या दिवशी दुपारी माझ्या डोक्यात आलं आणि मी माझी लुना काढून वस्तीवर गेलो. दादा बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता, वहिनी देवळात. देव्हाऱ्याखालच्या लोखंडी पेटीत आबांची घोंगडी होती. काळी, जाड, एका कोपऱ्याला निखाऱ्यानं जळलेली आणि तिथं लाल दोऱ्यानं रफू केलेली. ती दसऱ्याला एकदा बाहेर निघायची. तिच्यावर देव बसायचे, भंडारा उधळला जायचा, आणि परत पेटीत. आमच्यात अशा घोंगडीसमोर भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. कोर्टात शपथ मोडतील, पण ही नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ती पिशवीत कोंबली आणि निघालो.

दादा नाटकं बघायचा नाही. पण धाकट्या दिराचं नाटक म्हणून वहिनींनी त्याला ओढून आणलं. धुतलेला सदरा घालून तो आला आणि मास्तरचा भाऊ म्हणून लोकांनी त्याला अगदी पुढं बसवलं. मी विंगेत, एका हातात संहिता, दुसऱ्या हातात पडद्याची दोरी. प्रॉम्प्टर मीच होतो. स्टेजवरच्या दिव्यांच्या उजेडात मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

गिरणीवाला एक खांदा टाकून स्टेजवर आला, कानावर बिडी, आणि गाव हसत सुटलं. दादाही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता, मांडीवर थाप मारत शेजाऱ्याला म्हणत होता, "बेनं लई चेंगट हाय!" त्याला कळलं नव्हतं. शेजारचा त्याच्याकडं बघून आणखी हसत होता.

मग ते वाक्य आलं. स्टेजवर एक बाई पेंढ्या मागायला येते आणि गिरणीवाला म्हणतो, "तू न्हाय सांगनार, म्हस सांगती की."

लोक हसले. दादाचं हसू थांबलं. हे खरोखर बोललं गेलं तेव्हा वस्तीवर तीनच माणसं होती: तो, ती बाई आणि मी. त्यानं हळूच मान वळवली आणि विंगेत मला शोधलं. आमची नजरानजर झाली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मेंढरू विकत घ्यायला आलेला माणूस जनावराचं तोंड उघडून दात बघतो, तसं तो माझ्याकडं बघत होता. मला दोरी सोडावी, पडदा पाडावा असं वाटलं. मी सोडली नाही.

एवढ्यात डमरू वाजला आणि शिंपी आला. अंगावर आबांची घोंगडी, हातात काठी, तोंड घोंगडीच्या खोळीत. चेहरा दिसत नव्हता. जळलेला कोपरा पुढं होता, लाल दोरा उजेडात चमकत होता.

"पोरा, माझ्याकडं बघ," भूत म्हणालं.

स्टेजवर गिरणीवाल्यानं थरथरायचं होतं. तो थरथरलाही. पण खाली दादा उभा राहिला.

"तात्या, बसा की, मागच्यांस्नी दिसत न्हाय," कुणीतरी ओरडलं. त्याला ऐकू आलं नाही. तो पुढं आला, स्टेजच्या फळ्यांना हात घातला आणि वर चढला. पायातली एक वहाण खाली पडली. गिरणीवाला बाजूला सरकला. हसणं कमी होत होत थांबलं.

"आबा," दादा म्हणाला. "बोलला तुमी."

शिंपी गोंधळला. त्याच्या हातात भंडाऱ्याची वाटी होती. पुढचं वाक्य गिरणीवाल्याला उद्देशून होतं आणि समोर दादा होता. त्यानं खोळीतून विंगेकडं, माझ्याकडं पाहिलं.

दोरी माझ्या हातात होती. पडदा पाडून, हात धरून, दादाला सांगता आलं असतं की हा शिंपी आहे, घोंगडी मी आणलीय, घरी चल. तेवढा वेळ होता. मी संहितेकडं पाहिलं आणि पुढचं वाक्य कुजबुजलो.

"मुक्या जनावराच्या तोंडचं राखून ठिवतोस?" शिंपी म्हणाला. "उचल भंडारा. गंजी गावाला मोकळी कर. दे शब्द."

दादानं वाटीत हात घातला. त्यानं मूठ वर केली. "दिला, आबा," तो म्हणाला. "सगळी मोकळी करतो. मेंढरं मी माझ्यासाठी इकली नव्हती, आबा. येवढं आयका."

हे संहितेत नव्हतं. शिंप्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. आणि मी, अजूनही कुजबुजत, शेवटचं वाक्य दिलं.

"मग माझा तुझ्यावर राग न्हाय," शिंपी म्हणाला आणि हातातला भंडारा त्याच्या डोक्यावर उधळला.

दादा त्याच्या पायांवर कोसळला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" असा गजर उठला, भंडारा उधळत माणसं स्टेजवर चढली, आणि तेव्हा कुठं माझ्या हातून दोरी सुटली.

पडद्यामागं मी शिंप्याच्या अंगावरची घोंगडी ओढून काढली. "मास्तर, माजं काय चुकलं का?" तो विचारत होता. मी त्याला म्हणालो, घोंगडी कुणाची ते कुठं बोलू नकोस. तो घाबरलेलाच होता, नाही बोलणार म्हणाला, आणि शेवटपर्यंत बोलला नाही. दादाला लोकांनी घेरलं होतं, त्याला देवळात नेत होते. मी लुनावर बसून वस्ती गाठली, घोंगडी घडी करून पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि ओट्यावर येऊन बसलो. मला वाटलं होतं, तो रागानं येईल आणि पेटी उघडेल. घोंगडी जागेवर दिसली की स्टेजवरची आपली नव्हतीच असं मी म्हणणार होतो. माझा सगळा विचार स्वतःला वाचवण्यापुरता होता.

तो आला, माझ्याशी काही न बोलता आत गेला. पेटीची कडी वाजली. मग हाक आली, "मास्तर, आत ये."

घोंगडी त्याच्या मांडीवर उलगडलेली होती. घड्यांत सगळीकडं ताजा, शिंप्याच्या घामानं ओलसर झालेला पिवळा भंडारा. घाईत झटकायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी संपलो असं मला वाटलं.

"बघ," दादा म्हणाला. त्यानं चिमटीत भंडारा घेऊन मला दाखवला. "पेटीत व्हती. पेटीतनं उठून आबा तितं आलं, आन् परत पेटीत येऊन निजलं. बघ, भंडारा अजून वला हाय."

वहिनींनी हात जोडले. मीही जोडले. पेटीतल्या ओल्या भंडाऱ्याची गोष्ट उजाडायच्या आत गावभर झाली, आणि शिंप्याच्या रूपात आबाच आले होते असं लोक म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादानं गंजीवर झाकलेली झापं काढली. पहिली बैलगाडी त्या शेजारच्या बाईकडं गेली. मग लोक येत गेले. गिरणीवालाही आला आणि खाली मान घालून पेंढ्या घेऊन गेला. दादा कुणाला किती विचारत नव्हता. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातली पुष्कळ जनावरं जगली ती त्याच्या कडब्यावर, हे खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. हेडमास्तरांनी शाळेत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं: नाटकानं माणूस बदलतो याचं उदाहरण म्हणून. मी टाळ्या घेतल्या.

पण चैत्र संपायच्या आत दादाच्या गंज्या सपाट झाल्या. ज्या जनावरांसाठी त्यानं त्या वर्षानुवर्षं राखल्या, ती दावणीला उपाशी उभी. आयुष्यात कुणाकडं काडी न मागितलेला माणूस गाडी जुंपून काटेवाडीला जायचा आणि बागायतदारांच्या बांधावर उभा राहून उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, मागायचा. कधी मिळायचं, कधी नाही. आमची बहीण पिंपळीला दिलेली. तिच्याकडं गाय नेऊन बांधली. बैलांच्या फासळ्या दिसायला लागल्या तेव्हा त्यानं जोडी बारामतीच्या बाजारात नेली. मी सोबत होतो. घेणारा खाटीक नाही, शेतकरी आहे, याची त्यानं तीन तीनदा चौकशी केली. परतताना एसटीत तो कासरा मांडीवर घेऊन बसला होता.

त्यानंतर एका दुपारी मी वस्तीवर गेलो. दादा रिकाम्या गव्हाणीच्या कडेला बसला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तू शिकल्याला. खरं सांग. मेल्यालं माणूस परत येतं का रं?"

मी चपला काढून त्याच्या शेजारी बसलो.

"न्हाय म्हंजी, बैलं गेली त्याचं काय न्हाय. आबाचा शबूद व्हता. पन कवा कवा वाटतं, मीच येडा. शिंपी असंल."

इतक्या जवळ तो आला होता. फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर आबांनी राग सोडला तोही शिंप्यानंच सोडला, असं झालं असतं. त्याच्या भल्यासाठी मी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्याच्या तोंडाकडं बघत हे सांगायची माझी छाती नव्हती.

"आबाच होते, दादा," मी म्हणालो. "मी पाहिलं ना."

"व्हय की," तो म्हणाला. "तू तितंच व्हतास."

पोरं येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी एसटीनं गावी गेलो. वहिनी अजून वस्तीवरच असतात. त्या ओट्यावर मटकी निवडत होत्या. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. लुना, पिशवी, दोरी, कुजबुज. त्यांचा हात थांबला नाही. खडे एका बाजूला पडत राहिले.

"मंग भंडारा?" त्यांनी विचारलं.

"झटकायचा राहिला."

"म्हंजी शिंपी."

"शिंपी."

"भावजी, ह्यांनी जाताना मला काय म्हनलं ठावं हाय? म्हनलं, आबा न्याया आल्यात, आता बोलत्यात माझ्यासंगं. मी म्हनलं, जावा मंग, हितलं मी बघते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता त्याचं मी काय करू, सांगा."

मी म्हणालो, "मी हे सगळं लिहून काढणार आहे."

"लिवा की. तुमाला लिवायलाच येतं." त्या उठल्या, पायात चपला घातल्या. "पन आदी देवळात चला. त्या पोरांस्नी सांगा. माझ्याम्होरं."

पोरं सभामंडपात मांडवाचा हिशोब करत बसली होती. वहिनींना बघून उभी राहिली. मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. या वेळी जास्त अवघड गेलं, कारण वहिनी शेजारी होत्या आणि मी जिथं जिथं स्वतःला सांभाळून घेत होतो तिथं तिथं त्या म्हणत होत्या, "नीट सांगा." माझं संपलं. मग नाटकाचं नाव काढलेला पोरगा म्हणाला, "पन मास्तर, लोकांस्नी भूतच पायजे. भुताबिगर नाटक चालत न्हाय."

"भूत करा," वहिनी म्हणाल्या. "शिंप्याला घोंगडी घालून करा, जसं झालं तसं. पन माझ्या मानसाला कंजूष म्हनायचं न्हाय. मेंढरं मेल्याली बघितली म्हनून राखत व्हता त्यो. आन् राखल्यालं कुनाच्या जनावरांनी खाल्लं, इचारा तुमच्या बापांस्नी."

"मंग आजी, कंजूष कोन करायचा? नाटकच त्याच्यावर हाय."

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यास्नी घ्या की. भावाला येक खरा शबूद द्याचा झाला न्हाय जलमभर."

पोरं खाली बघू लागली. एकाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घालवलं. "मास्तरांचं वय झालंय, आजी. उभं ऱ्हातील का स्टेजवर?"

"बसून करतील. त्याला काय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, करतो. पाटीवरचं नाव कुणी बदलायचं, यावरून पोरांची आपापसात कुजबुज सुरू झाली आणि मी त्यांना विचारलं, तालीम कधीपासून ठेवताय?